जुनी खेळणी : डागडुजी की रंगरंगोटी?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात जुन्या खेळण्यांचा माग काढायला निघालं, की एक वाट गोकाकला जाते आणि दुसरी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीच्या चितारआळीत. दोन्हीकडची ओळख एकच : रंगवलेली लाकडी फळं. वांगं, आंबा, सीताफळ. हुबेहूब इतकी की पाहुण्याचा हात परडीकडे जायलाच हवा.

सावंतवाडीचा जुना माल पांगाऱ्याचा. लाकूड हलकं आणि मऊ, म्हणून कारागिराला सोयीचं. पण किडीलाही तितकंच. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, की आधी कीड मारायची आणि मग बारीक भुसा डिंकात कालवून भोकं बुजवायची. रंग लावायचा तो फक्त बुजवलेल्या जागी. लोक नेमकं उलट करतात. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या परडीवर ऑइलपेंटचा हात फिरतो आणि चिताऱ्याची कारागिरी कायमची झाकली जाते. लाखकामाला तर स्पिरिटचा बोळाही लावू नये. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते. स्पिरिटनं ती विरघळून येते. सँडपेपरही नको, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पत्र्याच्या आणि ओतीव गाड्यांची कथा निराळी. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी गाड्यांचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि त्यातून ‘निकी’ गाड्या निघाल्या. साचे झिजलेले, त्यामुळे फिनिश जरा ओबडधोबड. आज संग्राहकांना त्याचंच कौतुक! फनस्कूल 1987 साली सुरू झाली, कारखाना शेजारच्या गोव्यात. तिचे जी. आय. जो सैनिक परदेशी संग्राहकही शोधतात, कारण काहींचे रंग अमेरिकी मूळ बाहुल्यांपेक्षा वेगळे आहेत. अशा सैनिकाला ‘बरोबर’ रंग देणारा शहाणा त्याची किंमतच घालवतो.

विज्ञानकथांच्या मॉडेलांत जोडकामच मुख्य. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’साठी कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लास्टिक किटमधले तुकडे यानांवर चिकटवले. तसं यान हुबेहूब करायचं, तर आधी तो तुकडा कुठल्या किटमधला हे हुडकावं लागतं. ‘टाइम मशीन’वाल्या एच. जी. वेल्सनं तर खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम लिहून 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच काढलं.

आपल्याकडे ती लढाई दिवाळीच्या किल्ल्यावर. बेळगावच्या गल्लीगल्लीत पोरं माती कालवतात, अळीव पेरतात, बुरुजावर मावळे उभे करतात. पण संग्राहक निकीच्या गाडीसाठी हजारो मोजेल आणि हा मातीचा मावळा किल्ल्याबरोबर मोडीत निघेल. माझ्या मते आधी तोच जपावा : कोरड्या खोक्यात, भुशात, तळाला पेन्सिलीनं साल आणि बाजाराचं नाव लिहून. तलवार मोडली असेल, तर तुकडा त्याच्याशेजारीच ठेवावा.