शेताचे छायाचित्र

छायाचित्र म्हटले की लग्नसमारंभ व देवदर्शन यांपलीकडे आम्हां शेतकऱ्यांची दृष्टी सहसा जात नाही. कणकवलीचे श्री. इंद्रजित खांबे यांनी मात्र सिंधुदुर्गातील नित्याचे लोकजीवनच टिपून नाव मिळविले. विलायतेत पीटर हेन्री इमर्सन याने नॉरफोकच्या पाणथळीतील लव्हाळे कापणाऱ्या मजुरांची चित्रे १८८६ सालीच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती.

मग शेंदूरजनाघाटच्या बागाइतदारानेच मागे का राहावे? ताण तोडल्यावर पौष-माघात आंबिया बहर फुटतो, मागे सातपुड्याची निळी रांग असते. याहून रम्य देखावा तो कोणता? सकाळच्या तिरप्या उन्हात सरीन्‌सरी उठून दिसते. भर दुपारी तेच वावर सपाट भासते, हे ध्यानात ठेवावे.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसुली दप्तरात गेले. सातबाऱ्यावर पीक व क्षेत्र उतरते. बाग भरात होती की पाण्यावाचून वाळत होती, हे उतरत नाही. वरुड तालुक्यात तर भूजलाचा उपसा अतोनात झालेला. यास्तव एकाच धुऱ्यावरून, दरसाल त्याच तिथीस, एक चित्र घ्यावे व पाठीवर गट नंबर लिहावा. खिशातील मोबाइल यास पुरे. वाळलेले झाड मात्र चौकटीबाहेर ठेवू नये.