चवदार तळ्याचा दावा : शाबितीची जबाबदारी कोणाची?
(लेखमाला : कायदा शिकायचा तो कशासाठी? लेखांक 6)

अन्यायाशी लढायचे म्हणून कायदा शिकायचा, असे मनाशी धरून आलेल्या विद्यार्थ्याला विधी महाविद्यालयात पहिला धक्का बसतो तो अभ्यासक्रमाचा. संविधान, मानवी हक्क हे विषय त्याला जवळचे वाटतात; दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा मात्र गाइड वाचून पास होण्यापुरते उरतात. माझे म्हणणे असे की ज्याला खरोखर लढायचे आहे त्याने हे दोन विषय सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त मन लावून शिकावेत. याला आधार म्हणून महाडच्या चवदार तळ्याचा दावा घेतो. या तळ्याचा सत्याग्रह मराठी माणसाला पाठ आहे, पण त्यावर नऊ वर्षांहून अधिक चाललेला दावा फारसा कोणी वाचत नाही.

1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो होता. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये त्याला अनुसरून तळे खुले केले, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेतल्या हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह होणार म्हटल्यावर गावातली सवर्ण मंडळी महाडच्या कोर्टात गेली. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावून त्यांनी 14 डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. म्हणजे तळ्याची वाट अडवणारे वादी झाले आणि पाणी मागणारे प्रतिवादी.

अन्याय उघड दिसत असतानाही कायदा आधी धावून गेला तो अन्याय करणाऱ्याच्या मदतीला. कायद्यावर विश्वास का ठेवू नये, हे सांगणारे लोक इथेच थांबतात. पण दावा पुढे वाचला की गोष्ट बदलते. वादींचे म्हणणे दुहेरी होते : एक, तळे खाजगी मालकीचे आहे, दोन, मालकी कोणाचीही असो, अस्पृश्यांना तिथून पाणी घेऊ न देण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे. जो हक्क सांगतो त्याने तो शाबीत करावा, हा पुराव्याच्या कायद्याचा पाया. त्यामुळे अस्पृश्यांना ‘आम्हीही माणसे आहोत’ हे कोर्टापुढे सिद्ध करावे लागले नाही. ती वहिवाट किती जुनी, हे सिद्ध करण्याचा भार वादींच्या अंगावर पडला. मालकीचा मुद्दा टिकला नाही. तळे नगरपालिकेचे ठरले. वहिवाटीचा मुद्दा मात्र उच्च न्यायालयापर्यंत गेला.

जून 1931 मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला, 1933 च्या जानेवारीत ठाण्यात अपील फेटाळले गेले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी तोच निकाल कायम केला. ब्रूमफील्ड यांची मांडणी बारकाईने पाहावी अशी आहे. तळे मोठे, पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर भरणारे. आज त्याच्या चारी बाजूंना सवर्णांची घरे आहेत हे खरे, पण ती घरे कधी उभी राहिली? घरे नव्हती तेव्हा कोणाला अडवायचे कारण काय होते आणि अडवणार तरी कोण? वस्ती कधीची याचा पुरावा नाही, म्हणून वहिवाट अनादि आहे असे धरता येत नाही. अस्पृश्य तिथे पाणी भरायला जात नसत, हे वादींनी दाखवले. अस्पृश्यांना अडवण्याचा आपला हक्क पुरातन आहे, हे मात्र वादींना दाखवता आले नाही. या दोहोंमधली फट ज्याला दिसते तो वकील.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. एका तळ्यासाठी दहा वर्षे! आक्षेप खरा आहे आणि त्या विलंबाची किंमत वकिलाने नव्हे, पाण्यावाचून राहिलेल्या माणसांनी मोजली. पण मनाईहुकूम 1928 च्या फेब्रुवारीतच उठला होता हेही ध्यानात घ्यावे. पुढची वर्षे मूळ दाव्याने आणि मग वादींच्या अपिलांनी खाल्ली. डिसेंबर 1927 च्या परिषदेत हजारो लोक हुकूम मोडून तळ्यावर जायला तयार होते. आंबेडकरांनी त्यांना थांबवले, ते सगळ्यांना रुचले नाही. माझ्या मते ते योग्य होते. हुकूम मोडला असता तर वाद पाण्याचा न राहता कोर्टाच्या अवमानाचा झाला असता आणि सवर्णांच्या जोडीला सरकारही विरोधात उभे राहिले असते. 1922 साली बॅरिस्टर झालेल्या माणसाला तात्पुरत्या हुकमाचे आयुष्य किती असते याचा अंदाज होता. सत्याग्रह झाला नसता तर हा दावाच उभा राहिला नसता, हे अर्थात मान्य. चळवळीविना कायदा शिकलेला माणूस दुसऱ्याच्याच फिर्यादी चालवत बसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला जास्त सतावतो. उच्च न्यायालयाने अस्पृश्यता अन्याय्य आहे असे म्हटलेच नाही. वहिवाट शाबीत झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता, एवढे सांगून कोर्टाने तो प्रश्न बाजूला ठेवला. घरे आधीपासून होती असा एखादा जुना दस्त वादींच्या हाती लागला असता तर? इतका मोठा हक्क इतक्या अरुंद खांबावर उभा होता. म्हणूनच प्रश्न कोर्टातून संविधानात नेणे भाग होते. अनुच्छेद 15(2) मधली विहिरी, तलाव, स्नानघाट यांची यादी बोले ठरावाच्या शेजारी ठेवून वाचावी. नाते लगेच कळते. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यताच नष्ट केली, मग वहिवाट किती जुनी हा प्रश्नच उरला नाही. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, आणखी एक पाऊल टाकले. त्याच्या कलम 12 नुसार, यातला अपराध अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला असेल तर तो अस्पृश्यतेच्या कारणाने घडला असे कोर्टाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. महाडमध्ये शाबितीचा भार वादींवर पडला तो दाव्याच्या रचनेमुळे. इथे तो कायदेमंडळाने जाणूनबुजून, लिहून टाकला.

असे कायदे असूनही न्याय मिळत नाही, मग शिकून काय उपयोग, असे आज विचारले जाते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आलेले कलम 15अ पाहा. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. हे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. तरी एखाद्या तालुक्याच्या गावातल्या बाईला त्या तारखेचा पत्ताच नसेल आणि कोर्टात तिच्या बाजूने कोणी उभेच राहिले नाही, तर कलम पुस्तकात राहते. तिला वकिलाची फी परवडत नसेल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. पण त्या वकिलाला तपासाच्या कागदांत काय नाही हे वाचता आले पाहिजे, जबाब कोणत्या दिवशी नोंदवला आणि का उशिरा, हे विचारता आले पाहिजे, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला की हवालदारावर सोपवला, हे पहिल्याच तारखेला तपासता आले पाहिजे. अशा खटल्यांत आरोपी सुटतो तो पुष्कळदा याच ठिकाणी. पुढच्या लेखात फिर्याद नोंदवण्यापासून दोषारोपपत्रापर्यंतचे हे कागद एकेक करून पाहू.