पेला आणि बादली

कळवणच्या बारमध्ये बिअर प्यावी की नाही, हा वाद आम्ही आज बाजूस ठेवतो. पेला कोणत्या पाण्यात विसळला जातो, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने शेकडो बळी घेतले. तेथील बिअर-कारखान्याचे सत्तरांवर कामगार मात्र बचावले. पंपाचे दूषित पाणी ते पीतच नसत! बाटलीबंद बिअरमध्ये रोगजंतू सहसा तग धरीत नाहीत. पण एकाच बादलीत वीस पेले बुचकळले की काविळीस, विषमज्वरास वाट मोकळी. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने मद्यासही अन्नच मानले आहे. तेव्हा परवानाशुल्क घेणाऱ्या शासनाने मोरीतही डोकवावे. मद्यप्यांचा आम्हांस फारसा कळवळा नाही. परंतु त्याच मोरीतील ताटे पलीकडच्या ‘फॅमिली रूम’मध्ये मुलाबाळांपुढे मांडली जातात.