लवकर बोलणारं मूल : पाटी कधी?

साधारण दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलतं; काही मुलं त्याच वयात पूर्ण वाक्यं बोलतात. पण तेवढ्यावरून लिहायची घाई नको. पेन्सिल धरणारे बोटांचे स्नायू आपल्याच गतीने तयार होतात. ‘हुशारी वाया जाईल’ या पालकांच्या भीतीचं उत्तर बोलण्यातच आहे : गोष्टी, बडबडगीतं, मोसंबी सोलताना तिच्या वासाच्या-चवीच्या गप्पा आणि मुलाच्या प्रत्येक ‘का?’ला खरं उत्तर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणही खेळ-गाण्यांतूनच चाले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गावोगावी अंगणवाडी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिलीचं वय : सहा वर्षं पूर्ण.