पाणबुडी शोधायला हेलिकॉप्टर कशाला लागतं?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सर्व्हर जिवंत आहे का, हे बघायला दिवसातून दहा वेळा ‘पिंग’ मारतो. हा शब्द आला कुठून, माहितीये? सोनारमधून. १९८३ मध्ये माइक मूस यांनी तो प्रोग्राम लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं.

रडारच्या लहरी समुद्राच्या पाण्यात फार आत जात नाहीत. म्हणून सगळी भिस्त आवाजावर. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. समजा, प्रतिध्वनी ६ सेकंदांनी परत आला. जाऊन-येऊन ९ किलोमीटर, म्हणजे पाणबुडी साडेचार किलोमीटरवर.

मग हे काम जहाज करत नाही का? करतं, पण दोन अडचणी आहेत. एक तर जहाज स्वतःच गोंगाट करतं, पाणबुडी ते लांबूनच ऐकते. दुसरं, समुद्राचं वरचं पाणी उबदार आणि खालचं गार असतं. तापमान झपाट्याने बदलतं तिथे आवाज वाकतो. पाणबुडी त्या थराखाली गेली, की जहाजाच्या तळाला बसवलेल्या सोनारला ती सापडणं अवघड.

याची किंमत आपण मोजलीये. ९ डिसेंबर १९७१. दीवजवळ आयएनएस खुकरी पाणबुडीच्या शोधात होती, पण पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनेच तिला आधी ऐकलं. टॉर्पेडो लागला आणि १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत.

आता हेलिकॉप्टर काय करतं बघा. हवेत एका जागी थांबतं, केबलला बांधलेला सोनार त्या थराच्याही खाली सोडतं, पिंग मारतं, ऐकतं. मग केबल गुंडाळून दुसरीकडे. पुढची पिंग कुठून येणार, हे पाणबुडीला कळत नाही. आणि तिचा टॉर्पेडो हवेतल्या हेलिकॉप्टरचं काही बिघडवू शकत नाही!

सी किंग हेलिकॉप्टर्स १९७१ मध्येच आपल्या नौदलात आली. आता एमएच-६०आर सीहॉक आलीयेत: २४ चा करार २०२० मध्ये झाला, पहिली तुकडी ६ मार्च २०२४ ला कोचीत रुजू झाली. शोधायचा सोनार आणि मारायचा टॉर्पेडो, दोन्ही एकाच हेलिकॉप्टरवर.

पाण्यात टाकून द्यायचे सोनोबॉय कसे ऐकतात, ते पुढच्या भागात. भेटूच!