समुद्रापलीकडचा सावकार

सावकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गावातलाच कोणी उभा राहतो. तो कठोर असेल, लोभीही असेल. पण ऋणकोचे घर त्याने पाहिलेले असते आणि त्या घरात यंदा काय संकट आले, हे त्याला ठाऊक असते. आता मात्र अमेरिकेतील एखाद्या कुटुंबाचा धनको असा मनुष्य होऊ शकतो, की ज्याने ते शहर केवळ नकाशात पाहिले आहे. थकलेल्या गहाणकर्जांचे कागद सवलतीच्या भावात विकत घेणे हा गुंतवणुकीचा एक प्रकार झाला असून, परदेशातील सामान्य बचतदारालाही त्याची आमंत्रणे मिळतात. या व्यवहाराचा विचार केवळ व्याजाच्या दराने करून भागणार नाही.

व्यवहाराचे स्वरूप असे. अमेरिकेत कर्ज काढून घर घेणारा मनुष्य मुख्यत: दोन कागदांवर सही करतो : एक पैसे फेडण्याची वचनचिठ्ठी आणि दुसरे घर तारण दिल्याचे गहाणखत. नव्वद दिवस हप्ता आला नाही, की सामान्यत: ते कर्ज अनुत्पादक समजले जाते. वसुलीची यातायात करण्यापेक्षा पुष्कळदा बँक ते कमी किमतीस विकून मोकळी होते. समजा, एक लाख डॉलर बाकी असलेला रोखा पन्नास हजारांस मिळाला. ऋणको पुन्हा हप्ते भरू लागला, त्याने तडजोडीने एकरकमी फेड केली किंवा अखेर घराचा लिलाव झाला, तरी खरीदणाऱ्याचा लाभच, असे हे गणित मांडले जाते.

गणित सोपे आहे. वसुली तशी नाही. न्यूयॉर्क व न्यू जर्सी या राज्यांत जप्तीसाठी न्यायालयात जावे लागते व त्यात वर्षे निघून जातात; टेक्सास व जॉर्जियात न्यायालयाविनाही ती उरकता येते. घरपट्टी थकली असेल, तर तिचा हक्क सामान्यत: गहाणाच्याही आधी लागतो. घर रिकामे पडून मोडकळीस आलेले असू शकते. शिवाय कागद हातोहात फिरताना त्यांची साखळी तुटते. जप्तीच्या प्रतिज्ञापत्रांवर मजकूर न वाचताच सह्या ठोकल्या जात असल्याचे २०१० मध्ये उघड झाले, आणि २०१२ मध्ये पाच मोठ्या संस्थांना सुमारे अडीच हजार कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. मोठ्या बँकांची ही गत, तर सातासमुद्रापलीकडून एकच रोखा घेणाऱ्या शिक्षकाची वा कारकुनाची काय कथा?

तथापि खरा प्रश्न याहून खोल आहे. हप्ता थकतो तो बहुधा आजारपणामुळे, नोकरी गेल्यामुळे किंवा संसार मोडल्यामुळे. म्हणूनच १२० दिवस थकबाकी होईपर्यंत राहत्या घरावर जप्तीची कारवाई सुरू करू नये, असा नियम अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१४ पासून सर्वसाधारणपणे लागू केला. हा अवधी माणसाला सावरण्यासाठी आहे. गुंतवणूकदाराच्या हिशेबात मात्र तोच अवधी खर्चाच्या बाजूला पडतो.

या व्यवहाराच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. ज्याने रोखा अर्ध्या किमतीस घेतला, तो बँकेपेक्षा अधिक सूट देऊ शकतो. देऊ शकतो, हे खरे. पण देईलच असे नाही. ऋणकोने आपला धनको निवडलेला नसतो. त्याची संमती न घेता त्याचे कर्ज विकले जाते. तेव्हा त्याचे संरक्षण नव्या मालकाच्या सौजन्यावर सोडणे न्यायाचे नव्हे.

आयर्लंडचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. २००८ नंतर तेथील घरबाजार कोसळला आणि बँकांनी थकीत कर्जांचे गठ्ठे परदेशी निधींना विकले. लोक त्यांना 'गिधाड निधी' म्हणू लागले. २०१५ च्या कायद्याने कर्जाची वसुली व हिशेब पाहणाऱ्या संस्था नियंत्रणाखाली आल्या. परंतु कर्जाचे मालक बाहेरच राहिले. ती उणीव भरून काढण्यासाठी २०१८ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशाने तर संघाबाहेरील खरीदणाऱ्याला संघात आपला प्रतिनिधी नेमणे आवश्यक केले. तात्पर्य, कागदाबरोबर जबाबदारीही हस्तांतरित झाली पाहिजे.

आपल्याकडील वाचकाने हा विषय परका मानू नये. निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. तथापि २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनी बाजारात नोंद नसलेले कर्जरोखे पोर्टफोलिओ गुंतवणुकीतून वगळले आहेत. तेव्हा अशा आमंत्रणास होकार देण्यापूर्वी आपल्या बँकेला लेखी विचारणे हेच शहाणपणाचे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसापुढे ही अडचण कदाचित नसेल. त्याच्यापुढे प्रश्न उरतो तो विवेकाचा.

त्या विवेकाला आपला इतिहास साह्य करील. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले आणि दख्खनचा शेतकरी कर्जात रुतला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला उठाव झाला. शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला अधिकार दिला तो रोख्यावरील आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा. कागद म्हणजेच संपूर्ण सत्य नव्हे, हे सरकारला कळण्यास आधी होळी पेटावी लागली.

स्वस्तात मिळणारा रोखा हाती घेण्यापूर्वी गुंतवणूकदाराने एकच प्रश्न स्वत:ला विचारावा : या घराच्या दारात उभे राहून, आतल्या माणसांच्या तोंडावर मी हे पैसे मागू शकेन काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तो कागद कितीही स्वस्त असला, तरी आपल्यासाठी नव्हे.