माजिवड्याच्या पंपावरचा ऊस

माजिवडा नाक्यावर नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात. इथे माझ्या स्कूटरमध्ये पडणाऱ्या पेट्रोलचा पाचवा हिस्सा आता इथेनॉलचा असतो. मी मूळची ऊस पिकवणाऱ्या सांगलीकडची, त्यामुळे या पाचव्या हिश्श्याबद्दल मला आपुलकी आहे. 2001 साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग मिरज, मनमाड आणि बरेली इथे झाले. तेव्हा मिश्रण 5 टक्क्यांचं होतं. 2022 मध्ये ते 10 टक्क्यांवर गेलं आणि 2025 मध्ये 20.

आपण 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो, म्हणून हा खटाटोप मला पटतो. कारखान्यांना साखरेपलीकडे कमाईचं साधन मिळालं, हेही मोठं आहे. पण धोरणाला स्थैर्य हवं. 2023 चा पाऊस कमी पडला आणि डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले. कर्ज काढून आसवनी उभारणाऱ्यांची पंचाईत झाली. पुढे इथेनॉलच्या पुरवठ्यात मक्याने उसाला मागे टाकलं.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून पंपावर मोजपट्टीला लेप लावून ती भूमिगत टाकीत सोडतात. लेपाचा रंग बदलला की तळाशी पाणी आहे, हे कळतं. ठाण्याच्या पावसाळ्यात ही तपासणी रोज व्हायलाच हवी. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज थोडं घटतं. ती झळ गाडीवाल्याने एकट्याने का सोसावी? जुन्या गाड्यांसाठी 10 टक्के मिश्रणाची वेगळी नळी प्रत्येक मोठ्या पंपावर असायला हवी.